बर्फावर मूठभर मीठ

कळवा
रविवार, ८ जून २०२५

बाय दक्षते,

मी मनुबाई. कळव्याला खाडीकाठच्या पाड्यात राहते. तुझ्या आईची आई. ओळख आधीच देऊन ठेवते, म्हणजे पत्र हातात घेऊन ‘ही कोण म्हातारी’ असं नवऱ्याला विचारत बसायला नको. तू तीन वर्षांची असताना तुझी आई गेली आणि तेव्हापासून बोहल्यावर चढेपर्यंत तुझी वेणी मी घातली. आठवलं तर उत्तर दे. नाही आठवलं तर पत्र शेजारी दे, त्यांची आजी हरवली असेल.

फोन करतेस हे खरं. पण माझे कान आता कामाचे राहिले नाहीत. मडक्यात तोंड घालून कोणी बोलावं तसं ऐकू येतं. ‘बरी आहे’ एवढं कळतं आणि तू ठेवतेस. पत्रात माणूस इतक्या लवकर सुटत नाही, म्हणून शेजारच्या सीतारामभाऊंना धरून बसवलंय. हे मोहने गावच्या कारखान्यात टाइमकीपर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, आता माझं बोलणं लिहितात. मी वाकडं बोलले तरी सरळ करून लिहितात, तेव्हा कुठे माझ्यासारखं वाटलं नाही तर दोष त्यांचा.

तू शेवटची आलीस ती गेल्या वर्षीच्या होळीला. सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं होतं. दोन घास खाल्लेस, हात धुवायला म्हणून बाहेर गेलीस ती अर्ध्या तासाने आलीस. डोकं दुखतंय म्हणालीस, रिक्षा केलीस आणि चालती झालीस. ताट तसंच. पंधरा महिने मी विचार करतेय की कालवणात काय कमी होतं. मीठ तर बरोबर होतं, मी नंतर तेच खाल्लं.

तुझ्या प्रणितने फोनवर तुझा फोटो दाखवला. गाल काय वर आलेत! पाड्यातल्या बायकांना दाखवला. म्हटलं, पोटाचं दुखणं आहे म्हणतात, दुखणाईत अशी दिसते का कुठे?

सोबत सुके बोंबील पाठवतेय. प्रणित वागळे इस्टेटमधून घरी जाताना दर शनिवारी कळव्याला उतरेल असं त्याने कबूल केलंय. चांगला आहे तो. तुला कसा मिळाला कोण जाणे.

तुझी आजी
(लेखक सीताराम. वरील मजकूर जसाच्या तसा नाही, परंतु अर्थ तोच आहे.)


डोंबिवली
शनिवार, १४ जून २०२५

आजे,

ओळखलं तुला. तुझं पत्र प्रणितने वाचायला मागितलं, मी दिलं नाही. त्याच्याबद्दलचं शेवटचं वाक्य तेवढं वाचून दाखवलं, आता माझी फिरकी घेतोय.

बोंबलाचा डबा उघडला आणि तोंड आत घालून बराच वेळ वास घेत बसले. खाल्ले प्रणितने. मला सध्या बंद आहेत. मऊ भात, दुधी, ताक, पुन्हा दुधी. कालवणात काही कमी नव्हतं गं. ते डोक्यातून काढून टाक.

दुखण्याचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. बाहेरून काही लागलेलं नसतं. अंगात रोगाशी भांडणारी जी फौज असते तीच उलटून आपल्या आतड्यावर धावते. आतापर्यंतच्या गोळ्यांनी आवरलं नाही, म्हणून डॉक्टरांनी मे महिन्यात नवं औषध सुरू केलंय. त्याला बायोलॉजिक म्हणतात. इंजेक्शन असतं, पण जाड पेनासारखं, दर पंधरा दिवसांनी मांडीत घ्यायचं. मी स्वतःच घेते. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. जरा उष्णता लागली की वाया जातं.

बाकी काकांना वाचून दाखवायचंय म्हणून थोडक्यात लिहिते.

सीतारामकाका, नमस्कार. अक्षर तुमचं छापल्यासारखं आहे.

तुझी
दक्षता


कळवा
रविवार, २९ जून २०२५

दक्षते,

तुझं पत्र भाऊंनी तीनदा वाचून दाखवलं. मला कळलं ते असं, की घरावर राखणदार ठेवला आणि तो मालकालाच चोर समजून काठी घालतोय. मग हे नवं औषध त्याची काठी काढून घेतं. भाऊ म्हणाले, बाई, बरोबर समजलात. मला जास्त समजून करायचंय काय! मला एवढंच विचारायचंय, त्याने काठी ठेवली की तू येणार का?

नारळी पौर्णिमा नऊ ऑगस्टला आहे, शनिवारी. दोन वर्षं मी एकटी खाडीला नारळ देतेय. तुझा आजोबा नामा होता तेव्हा आपण तिघं जायचो. सोनेरी कागद लावलेला नारळ तू त्याच्या हातून ओढून घ्यायचीस आणि पाण्यात टाकायच्या वेळी द्यायची नाहीस. सगळा पाडा थांबायचा. नामा म्हणायचा, पोरीचं मन होईपर्यंत खाडीला थांबू दे.

प्रणित म्हणतो, आजी तुम्हीच या, गाडी आणतो. शीळफाट्यावर दोन-दोन तास अडकायला माझे गुडघे ऐकत नाहीत, आणि स्टेशनचा पूल तर त्यांनी कधीच सोडला. तू चार स्टेशनांवर आहेस. खाडीवर पहाटे भोंगा ऐकू आला की मला वाटतं तुमच्या बाजूची गाडी आली.

येशील का ते लिही. ‘बघते’ असं लिहू नकोस. बघते म्हणजे नाही, हे तूच मला शिकवलंस.

तुझी आजी


डोंबिवली
शनिवार, ५ जुलै २०२५

आजे,

येते. नऊ तारखेला येते.

हे ‘बघते’ नाही. औषध लागू पडतंय. गेले बारा दिवस मी रोज खाली उतरून चालून येते. परवा एकटी फडके रोडपर्यंत गेले, उभ्याने नारळपाणी प्यायले आणि परत आले. प्रणितला दारातच सांगितलं तर त्याने चपला न काढता मला उचललं. तुला हे काहीच वाटणार नाही, पण माझ्यासाठी ते फार लांब होतं. डॉक्टर म्हणाले, डोस चुकवायचा नाही, एवढं सांभाळलं की दोन महिन्यांत फरक आणखी दिसेल.

मला स्वप्नातसुद्धा पाड्याचा वास येतो. जाळी वाळत टाकलेली, चिखल, तुझी मिश्री. सकाळी उठून पाहिलं की समोर बिल्डिंगची पाण्याची टाकी असते.

नारळाला सोनेरी कागद मी लावणार. तू लावू नकोस.

दक्षता


कळवा
सोमवार, २१ जुलै २०२५

दक्षते,

तुझी औषधाची पेनं प्रणितबरोबर परत पाठवतेय, मोजून दोन. शनिवारी सकाळी तो दारात उभा, नखशिखांत भिजलेला, पिशवी अशी छातीशी धरलेली की मला वाटलं कोणाचं पोर घेऊन आलाय. तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मर जळाला, दोन दिवस वीज नाही, औषध थंडीत राहिलं पाहिजे. तेव्हा बरी आजी आठवली. ‘आजी, फ्रिजमध्ये ठेवा’ एवढं सांगून कामावर पळाला.

आता फ्रिजचं मला कोणी सांगू नये. पाड्यातल्या निम्म्या बायकांचं दूध माझ्या फ्रिजात असतं. दर पाच मिनिटांनी कोणीतरी दार उघडून उभी, आणि उघडलं की गप्पा संपेपर्यंत लावत नाहीत. तू लिहिलं होतंस, उष्णता लागली की वाया जातं. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

पन्नास वर्षं मासळी विकली आहे मी. मासळीचा थर्माकोलचा खोका घेतला, तीनदा घासला, उन्हाचा पत्ता नव्हता म्हणून चुलीजवळ सुकवला. तळाशी बर्फ कुटून घातला आणि त्यावर मूठभर जाडं मीठ. मिठाने बर्फ आणखी कडक थंड होतो. हे मला नामाने लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं, आणि बाजारात ही युक्ती मी कोणाला सांगितली नाही. पेनं पिशवीत, पिशवी फडक्यात, वर पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. पाणी सुटलं की काढायचं आणि नवा बर्फ घालायचा. दोन दिवस मी बाजारात गेले नाही. आज सकाळी काढली तर दगडासारखी टणक. सुरमईसुद्धा इतकी जपली नव्हती कधी.

पुठ्ठ्याचं खोकं भिजेल म्हणून आधीच बाजूला काढलं होतं. फार सुबक आहे, निळी-पांढरी पट्टी. त्यात मी मिश्रीची डबी ठेवलीय, परत मागू नकोस.

नऊ तारखेला एकोणीस दिवस राहिले. भाऊंनी मोजून सांगितलं.

तुझी आजी


डोंबिवली
शनिवार, २६ जुलै २०२५

आजे,

पेनं पोचली. तू दोन दिवस बाजारसुद्धा सोडलास. इतकं कोण जपतं गं माझं.

खोकं तुलाच ठेव. छान दिसत असेल मिश्रीला.

दक्षता


डोंबिवली
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

आजे,

शनिवारी येता येत नाही. ऑफिसचं काम आलंय, घरूनच करायचं असलं तरी उठता येणार नाही. रागावू नकोस. नारळ माझ्याही नावाने दे.

दक्षता


कळवा
रविवार, १० ऑगस्ट २०२५

दक्षता,

चिठ्ठी मिळाली. ऑफिस फार मोठं झालंय तुझं.

सोनेरी कागद मी लावला नव्हता. तू लावणार होतीस म्हणून पुडी तशीच ठेवली होती. तुझी चिठ्ठी शुक्रवारी आली तरी मी लावला नाही, म्हटलं पोरगी आहे, अचानक येऊन उभी राहायची. शनिवारी दुपारी नवं हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसले. वाजतगाजत सगळे निघाले, मला हाका मारत होते. शेवटी मी नारळ तसाच बोडका घेऊन गेले. पाण्याशी उभी राहिले. मी तो हातातून सोडत नव्हते. या वेळी पाडा माझ्यासाठी थांबला.

सीतारामभाऊ म्हणतात, बाई, एवढं कडक लिहू नये, पोर आजारी आहे. मी म्हणते, आजारी असती तर तसं लिहिलं असतं, ऑफिस लिहिलंय. लिहा तुम्ही.

नारळीभात शेजारी वाटला. डबा नाही पाठवत.

मनुबाई


कळवा
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

दक्षते,

तीन आठवडे तुझं उत्तर नाही. प्रणित दोनदा येऊन गेला, उंबऱ्यातच उभा राहून ‘बरी आहे’ म्हणाला. तो खोटं बोलला की मान खाजवतो. दोन्ही वेळा खाजवली.

आज काय झालं ते ऐक. भाऊ तुला पत्र लिहायला बसले होते. मी मिश्री लावत होते, खोकं मध्ये पडलेलं. भाऊंना समोर दिसेल ते वाचायची सवय आहे, काड्यापेटीसुद्धा वाचतात. खोकं उचललं, चष्मा वर-खाली केला आणि इंग्रजी वाचायला लागले. मी म्हटलं, काय लिहिलंय? तर म्हणाले, औषध दोन ते आठ अंशांत ठेवावे. गोठवू नये. गोठल्यास वापरू नये.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं.

मी विचारलं, भाऊ, मीठ घातलेला बर्फ किती अंश होतो? ते कारखान्यातले, त्यांना ठाऊक असणार. त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि चष्मा काढून हातात धरला.

चाळीस दिवस झाले, रोज सकाळी ते खोकं मी उघडते आणि लावते. बाहेर लिहिलेलंच होतं. आमच्या वेळी पोरींना शाळेत घालत नव्हते, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वजन कळतं, भाव कळतो, माणूस कळतो, बस झालं असं म्हणत आले. आज वाईट वाटलं.

तू तेव्हाच ओळखलं असशील. ‘दगडासारखी टणक’ वाचलंस आणि ओळखलंस. आणि मला काय लिहिलंस, तर इतकं कोण जपतं. दक्षे, तुझ्या नवऱ्याने सांगितलं होतं फ्रिजमध्ये ठेवा. मी शहाणपणा केला. ते डोस तुला मिळाले नाहीत म्हणून तू नारळी पौर्णिमेला आली नाहीस, आणि मी तुला बोडक्या नारळाचं ऐकवलं.

मला आता खरं लिही. काय होतं तुला? होळीला का गेलीस? फोटोत गाल वर आलेले कसे? सगळं. मला झोंबलं तर झोंबू दे.

आजी
(मनुबाई हे सांगताना दोनदा उठून आत गेल्या. मी थांबलो. सी.)


डोंबिवली
शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

आजे,

सीतारामकाका, हे पत्र वाचताना तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. इतके दिवस तेवढ्यासाठीच लिहीत नव्हते. माफ करा, पण काही गाळू नका.

आजे, पेनं गोठली यात तुझी चूक कमी आणि माझी जास्त. मी तुला उष्णतेचं लिहिलं, गोठण्याचं लिहिलंच नाही. मला सुचलंच नाही की माझी आजी डोंबिवलीच्या फ्रिजपेक्षा जास्त थंडी घरात तयार करू शकते. तुझं पत्र वाचलं आणि मी आधी हसले. मग नर्सला फोन केला. ती म्हणाली, टाकून द्या. हॉस्पिटलच्या योजनेतून नवी पेनं यायला साडेतीन आठवडे लागले. दोन डोस गेले. ऑगस्ट लागता लागता पुन्हा सुरू झालं.

काय सुरू झालं ते लिहिते. जुलाब. दिवसाला दहा-बारा वेळा, रक्त पडतं. आणि आजे, ते सांगून येत नाही. आलं की मिनिटभरात संडास लागतो. एक मिनिट. मी घराबाहेर पडताना रस्ता बघत नाही, संडास कुठे आहे ते बघते. चार स्टेशनं मला चाळीस वाटतात. शीळफाट्यावर अडकलेल्या गाडीत तर मी बसूच शकत नाही.

होळीला तू वाढलंस, मी दोन घास खाल्ले आणि पोटात कळ आली. मी गल्लीच्या टोकाला धावले, आपल्या पाड्याच्या संडासाला. सणाचा दिवस, पुढे सहा बायका. मी म्हटलं, मला जाऊ द्या. एक जण हसून म्हणाली, सगळ्यांनाच जायचंय बाय. मला थांबता आलं नाही. तिथेच झालं, रांगेत उभी असताना. एकोणतीस वर्षांची बाई मी. नळावर साडी धुतली, ओलीच नेसले आणि तुझ्याकडे आले. तू विचारलंस, साडी का भिजली? मी म्हटलं, पोरांनी रंगाचं पाणी उडवलं. तू पोरांना शिव्या दिल्यास.

तुझ्या कालवणात काही कमी नव्हतं. तुझं घर सोडून मला दुसरं घर नाही, पण त्या घरात मला राहता येत नाही, कारण संडास गल्लीच्या टोकाला आहे. हे मी तुला कशी सांगणार होते? तू त्याच घरात मला वाढवलंस.

गाल वर आले होते ते स्टेरॉइडच्या गोळ्यांनी. सूज होती ती. आता गोळ्या कमी होताहेत, गाल उतरतील. तेव्हा ‘वाळलीस’ म्हणू नकोस, ती बरी व्हायची खूण आहे.

नवी पेनं सुरू झाली. डॉक्टर म्हणतात पुन्हा लागू पडेल, दोन-एक महिने दे. मला यायचंय आजे. बोडक्या नारळाचं वाचून मी दिवसभर उशीत तोंड घालून पडले होते. पण येते म्हणायची मला आता भीती वाटते.

तुझी
दक्षता


कळवा
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

बाय माझे दक्षते,

महिनाभर उत्तर दिलं नाही. विसरले असं समजून तू खूश झाली असशील, एकदा तरी मी विसरले. तसं नाही. काम काढलं होतं.

तुझं पत्र भाऊ वाचायला लागले. होळीपर्यंत आले आणि थांबले. उठून माठातलं पाणी प्यायले. मला वाटलं, आता हे बाकीचं वाचायचे नाहीत. तर येऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एक शब्द गाळला नाही. मग म्हणाले, बाई, मलाही प्रोस्टेट आहे, मीसुद्धा बाहेर पडताना हेच बघतो, घरी सुनेला सांगितलेलं नाही. (हे लिहायला माझी हरकत होती. बाई ऐकत नाहीत. सी.) आता तुझं त्यांना ठाऊक, त्यांचं तुला. फिटंफाट.

आपल्या घराचा मागचा कोपरा आठवतो? जिथे नामाची जाळी टांगलेली असायची. तो गेल्यापासून मी त्या जाळ्यांना हात लावला नव्हता. पावसाळ्यानंतर उंदीर आत पिल्लं घालायचे तरी काढली नाहीत. ती काढली. चांगली होती ती पुतण्याच्या होडीवर दिली, कुजकी होती ती खाडीकाठी जाळली. जाळी तरंगवायची बुचं तेवढी ठेवलीत, तू लहानपणी दातांनी चावलेली. कोपरा रिकामा झाला तर केवढा मोठा निघाला. मी उगाच म्हणत होते घर लहान आहे.

गेल्या वर्षी गल्लीतून गटाराची लाईन गेली आहे, तिला जोडून घेतलं. गवंडी आला, भाऊ रोज सकाळी पेन्सिल कानावर लावून हजर. गवंडी किती वाजता आला, किती वाजता चहाला गेला, सगळं लिहून ठेवायचे. तो बिचारा चौथ्या दिवशी म्हणाला, आजी, या माणसाला जरा झोपायला पाठवा. संडास खाली बसायचा घ्यायचा की वर बसायचा, यावर आम्ही आठवडा भांडलो. शेवटी प्रणितला विचारलं, तिचा कसा आहे. तो लाजून लाल झाला, मग कागदावर चित्र काढून दिलं. तसाच आणलाय. आत दिवा आहे, कडी आतून आहे, पंख्याला भोक ठेवलंय. फरशीवर निळी-पांढरी पट्टी घेतली. त्या खोक्यासारखी. रोज दिसलेली बरी.

पाड्यातल्या बायका रांगेने येऊन बघून गेल्या. एकीने विचारलं, मनुबाय, वापरू का? मी म्हटलं, नाही. अजून कोणीही वापरलेला नाही. मीसुद्धा गल्लीच्या टोकालाच जाते, गुडघे शिव्या देतात तरी जाते. पहिला मान तुझा. तो होईपर्यंत मला असंच चालावं लागणार, तेव्हा म्हातारीच्या गुडघ्यांचा विचार कर.

फ्रिजात एक कप्पा मोकळा ठेवलाय. भाऊंनी आत टांगायचं थंडी मोजायचं यंत्र आणलं. सकाळ-संध्याकाळ येऊन बघतात, वहीत लिहितात. काल पाच, आज साडेचार. बायकांचं दूध बंद केलं. दोघी बोलत नाहीत माझ्याशी, पण आकडा आठच्या वर गेलेला नाही आणि दोनच्या खाली नाही. मिठाची बरणी मी माळ्यावर टाकलीय, कालवणाला लागेल तेवढं वाटीत काढून ठेवते.

आणि भाऊंनी आणखी एक केलं, मी सांगितलं नव्हतं. एके दिवशी डब्यात चहा घेऊन डोंबिवलीपर्यंत गेले आणि परत आले. मधल्या प्रत्येक स्टेशनावर उतरून संडास कुठल्या टोकाला आहे, दार लागतं का, नळाला पाणी आहे का, सगळं लिहून आणलं. तो कागद सोबत जोडलाय. सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मध्ये निघ म्हणतात. टाइमकीपरचा शब्द आहे.

प्रणित म्हणाला, तू आता दिवसातून दोन-तीनदाच जातेस, आणि गाल उतरलेत. फोटो दाखवला. वाळलीस असं मी म्हणणार नाही. मला आतून म्हणावंसं वाटतंय, पण तू सांगितलंयस ती खूण आहे म्हणून.

तारीख सांगू नकोस. सांगितलीस की मी लुगडं नेसून उंबऱ्यात बसते आणि तुला तिथे त्याचं ओझं होतं. वाटेल त्या दिवशी ये. मध्येच वाटलं तर उतरून परत जा, मी विचारणार नाही. दिवाळीत आलीस तरी चालेल, शिमग्याला आलीस तरी चालेल. सोनेरी कागदाची पुडी आहे, ती काही खराब होत नाही.

एक काम मात्र कर. या वेळी माझ्याकडून डबा यायचा नाही, तुझ्याकडून यायला हवा. तो तुझा मऊ भात आणि दुधीची भाजी, जशी तू खातेस तशी, तिखट नको, मासळीचा वाससुद्धा नको, येत्या शनिवारी प्रणितच्या हाती पाठव. मी चाखून शिकून घेते. मीठ अगदी कमी घाल.

तुझी आजी
मनुबाई